सोळाच्या जागी शंभर

नमस्कार मंडळी. माइक जरा खाली घेता का कोणी? हं, झालं. सुनंदावहिनी, नंदनवनातले सगळे शेजारी, नरखेडकडून आलेली गावाकडची मंडळी आणि आमचे ऑर्केस्ट्रावाले. हे समाजभवन मी लग्नातसुद्धा एवढं भरलेलं पाहिलं नाही. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे. संकोच करू नका. भाऊंच्या दुकानात आपण सगळे जमिनीवरच बसायचो.

मी शोभा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे चारचौघांत बोलायची मला भीती नाही. तरी आजसाठी तयारी केली होती. काल मी कागदावर लिहून काढलं होतं. त्यात 'मनमिळाऊ', 'हसतमुख', 'सदैव तत्पर' असे शब्द होते. आज सकाळी वाचलं आणि माझं मलाच हसू आलं. दिनकरभाऊ आणि हसतमुख? त्यांच्याकडे अॅम्प्लिफायर घेऊन गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "काय करून ठेवलं बाप्पा याचं?" आणि तत्पर म्हणाल तर आठ दिवस सांगून महिना लावायचे. तो कागद पर्समध्येच राहू दे.

परवा तेरवी झाली. अजून खरं वाटत नाही. चहा घेता घेता माणूस गेला. कप हातात होता, असं वहिनी सांगतात. दुखलं नाही, खुपलं नाही. त्यांच्यासाठी बरं झालं असं सगळे म्हणतात. असेल. आपल्यासाठी मात्र बरं झालेलं नाही.

मंडळी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपली रीत आहे. मी आज भाऊंची एक चूक सांगायला उभी आहे. वहिनींना विचारून उभी आहे. आणि त्या चुकीला लागून माझी स्वतःची एक लबाडी आहे, तीही सांगणार आहे. भाऊंनीच मला हे सांगायला तीन वेळा सांगितलं होतं. मी तिन्ही वेळा टाळलं. आता टाळायला समोर माणूसच राहिला नाही.

गावाकडच्या काही मंडळींना वाटतं की भाऊ रेडिओ दुरुस्त करायचे. तसं नाही. गिटारवाल्यांचे जे जुने अॅम्प्लिफायर असतात, काचेच्या व्हॉल्व्हचे, चालू केले की आत लालसर उजेड पडतो, ते भाऊ दुरुस्त करायचे. आता असं काम करणारी माणसं फार राहिली नाहीत. म्हणून छिंदवाड्यापासून अमरावतीपर्यंतचे लोक इथे नागपुरात, नंदनवनातल्या त्या एका खोलीत अॅम्प्लिफायरच्या पेट्या घेऊन यायचे.

माझ्याकडेही तशी एक पेटी आहे. मी हवायन गिटार वाजवते. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून स्टीलचा बार सरकवायचा. तिचा सगळा जीव लांब सुरात. सूर टिकला तर ती गाते. नाही टिकला तर नुसती टणटण. लग्न झाल्यावर आमच्या ह्यांनी एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून ही पेटी आणून दिली. सोन्याच्या बांगड्या राहिल्या त्या राहिल्याच, पण पेटी मिळाली.

एका वर्षी ती पेटी घुमायला लागली. चालू केली की घूंऽऽ. आणि मी वरचा सूर लावला की त्याच्या मागून दुसराच एक बारीक, बेसूर सूर ऐकू यायचा. मला वाटायचं बार घसरतोय. हे म्हणायचे, "घरात भूत आहे." मी म्हणायची, "आहे ना, पेपर वाचत बसलंय."

शेवटी भाऊंकडे नेली. त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, भूतबित काही नाही. याचे कंडेन्सर म्हातारे झाले. आतून वाळून गेले."

मी म्हटलं, "कंडेन्सर म्हणजे काय ते मला पाचवीतल्या पोराला सांगतात तसं सांगा."

तर ते म्हणाले, "तुमच्या गच्चीवर टाकी आहे ना? कॉर्पोरेशनचं पाणी थांबून थांबून येते, पण टाकी आहे म्हणून नळाले सरळ धार लागते. तसंच हे. भिंतीतून येणारी वीज हेलकावे खात येते. व्हॉल्व्हले तशी वीज चालत नाही, त्याले सरळ पाहिजे. म्हणून मधात हे कंडेन्सर बसवतात. हे वाळले की हेलकावे सुरात घुसतात. ते तुमचं भूत."

इतकं सोपं मला कोणी विजेबद्दल कधीच सांगितलं नव्हतं.

आता चूक ऐका. जुने कंडेन्सर होते सोळाचे. सोळा मायक्रोफॅरड, असं त्यांचं माप असतं. भाऊंनी लावले शंभरचे. आताचे शंभरचे कंडेन्सर जुन्या सोळापेक्षा आकाराने लहान येतात, जागेचीही अडचण नाही. भाऊंचा विचार सरळ होता. टाकी मोठी केली तर धार आणखी सरळ होईल. त्यात वाईट काय?

मी शाळेतून परस्पर गेले होते. गिटार घरी. भाऊंनी पेटी चालू केली, आवाज पूर्ण वाढवला. मी कान लावला. काही नाही. घूं नाही, सूं नाही. भाऊ माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. मी टाळ्या वाजवल्या, मंडळी. खरंच वाजवल्या. आम्ही दोघं त्या शांततेवर एवढे खूश झालो की वाजवून पाहायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वाद्याच्या पेटीची परीक्षा आम्ही वाद्याशिवाय घेतली आणि तिला शंभरपैकी शंभर दिले. मी, गणिताची बाई.

शाळेच्या परीक्षांत घरी पेटी लावलीच नाही, आणि पुढच्याच महिन्यात दिवाळी पहाटेचा कार्यक्रम होता. तुमच्यातले अर्धे तिथे होते. मी बार ठेवला, तार छेडली. सूर टणकन आला आणि संपला. तव्यावरची पोळी कशी आधी जरा बसते आणि मग फुगून वर येते, तसा माझा सूर असायचा. आधी किंचित दबायचा, मग फुलायचा. त्या फुलण्यावर मी बार थरथरवायची. तीच माझी ओळख होती. त्या दिवशी सूर फुललाच नाही. कडक, स्वच्छ, फटकळ. मी जोर लावला तर आणखी कडक. मी घाबरले. दुसऱ्या गाण्यात चुकले, तिसऱ्यात बार हातातून सुटला. तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्या दयेच्या होत्या. मला कळतं हो.

त्याच दिवसांत माझं मनगट दुखत होतं. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, वयाप्रमाणे चालायचंच म्हणाले होते. मी काय समजणार? समजले की हात गेला.

मी गिटार कपाटावर ठेवून दिली. कोणाला काही बोलले नाही. कार्यक्रमाचा फोन आला की मनगट दाखवायची, म्हणजे फोनवरच, "अहो, हात साथ देत नाही आता." आणि रिकाम्या हातांनी करायचं काय? लोणची घातली. लिंबाचं, मिरचीचं, आवळ्याचं. नागपुरात राहते म्हणून संत्र्याच्या सालीचंसुद्धा घातलं. ह्यांनी एके दिवशी हात जोडले, "शोभा, रड एकदाची, पण आता बरणी आणू नको." मी रडले नाही. दोन वर्षं मी रडले नाही आणि वाजवलंही नाही.

मग एका दुपारी दारात दिनकरभाऊ. मागे वहिनी. भाऊंच्या हातात अवजारांची पिशवी. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाले, "बाई, गिटार काढा."

मी म्हटलं, "भाऊ, हात गेला माझा."

"मले हात नाही पाहाचा. मले ऐकाचं आहे. काढा."

तारा गंजल्या होत्या. तशीच मांडीवर घेतली. पेटी लावली. मी एक सूर वाजवला. एकच. भाऊ मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "अजून एक." मी अजून एक वाजवला. मग ते वहिनींकडे पाहून म्हणाले, "तू बरोबर होती वं." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या हाताले काही झालं नाही. चूक माझी आहे."

मंडळी, मला ते वाक्य कळायलाच वेळ लागला. मी पुन्हा विचारलं, "काय म्हणालात?"

"पेटी मी बिघडवली. सोळाच्या जागी शंभर लावले ना मी. टाकी एवढी मोठी करून ठेवली की धार दबतच नाही. तुमच्या सुराले दबाले जागा पाहिजे. तुम्ही तार छेडली की व्हॉल्व्ह एकदम जास्त वीज ओढते. टाकी छोटी असली तं जरा दाब कमी होते, मंग भरून येते. तेच तुमचं फुलणं. फक्त कंडेन्सरचाच खेळ नाही म्हणा, ट्रान्सफॉर्मर आहे, वीज एकाच दिशेले धाडणारा रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह आहे, पण मी जे बदललं ते हेच. मी हमिंग काढाले गेलो आणि तुमचा सूर काढून टाकला."

त्यांनी तिथेच, आमच्या हॉलमध्ये, पेटी उघडली. तुम्ही पाहिलंच असेल, उघडी पेटी समोर असली की भाऊंचा एक हात कायम खिशात. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज राहते, आणि दोन्ही हात आत घातले तर ती छातीतून जाते, म्हणून. ती सवय इतकी होती की चहा पितानाही त्यांचा एक हात खिशातच असायचा. त्यांनी आधी ती वीज उतरवली, शंभरचे काढले, नवे सोळाचे लावले. म्हणाले, "थोडी घूं राहील. चालेल?" मी म्हटलं, "चालेल."

आणि मी वाजवलं. सूर आला. दबला. आणि फुलला.

मग मी रडले. दोन वर्षांचं एकदम. ह्यांनी आतून येऊन विचारलं काय झालं, तर मी नुसतं पेटीकडे बोट दाखवलं. वहिनींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याही रडायला लागल्या. भाऊ एकटे पेटीकडे पाहत बसले होते.

पण त्यांचं सांगून झालं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, अजून एक गोष्ट आहे. दिवाळी पहाटेच्या दुसऱ्याच दिवशी ही मले म्हणाली होती."

ही म्हणजे वहिनी. वहिनी, सांगू ना? हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला वहिनी भाऊंना म्हणाल्या होत्या, "अहो, शोभाबाईंचा हात नाही बिघडला. पेटी बिघडली. तुमी काही बदललं का त्यात?" वहिनींनी कुठे शिकलेलं नाही. पण एवढी वर्षं त्या खोलीच्या पलीकडे स्वयंपाक करता करता शेकडो पेट्या त्यांच्या कानावरून गेल्या. भिंतीपलीकडून ऐकणारा कान आहे तो. आणि भाऊ काय म्हणाले? "तुले काय कळते वं व्हॉल्व्हमधलं?"

दोन वर्षं, मंडळी. दोन वर्षं त्यांना ते वाक्य टोचत राहिलं, आणि दोन वर्षं ते माझ्या घरी आले नाहीत. आले तेव्हा वहिनींना सोबत घेऊन आले आणि त्यांच्यासमोर हे सांगितलं. मी खूप माणसं पाहिली. शाळेत तर हेडमास्तरही पाहिले. "माझं चुकलं" म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. "माझं चुकलं आणि हिचं बरोबर होतं" म्हणणारा मी हा एकच पाहिला.

त्यानंतर भाऊ गप्प बसले नाहीत. आणखी कोणाकोणाच्या पेटीत शंभरचे लावले ते आठवून आठवून त्यांनी माणसं शोधली. लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेले, शाळांमध्ये गेले. नरखेड तालुक्यातल्या एका गावाला मी आणि वहिनीही एसटीने सोबत गेलो. तिथे वसंतराव म्हणून संत्र्याचे बागवान आहेत, गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. वसंतराव, आलात ना? हा, ते तिकडे. भाऊंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पेटी द्या म्हणाले, सूर परत करतो. तर वसंतराव काय म्हणाले माहीत आहे? "दिनकरभाऊ, हात नका लावू गा पेटीले. मले असाच कडक आवाज पाहिजे. मी वाजवतो फटाफट, मले कायले पाहिजे ते फुलणं?"

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीतून बाहेर पाहत होते. मग वळून म्हणाले, "बाई, म्हणजे शंभर चूक नव्हता. न विचारता लावला, ते चूक होतं."

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, गणितात असं नसतं. तिथे उत्तर एकच." तर म्हणाले, "म्हणूनच तं तुम्ही गिटार वाजवता."

तेव्हापासून दुकानात एक नियम झाला, तो तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. वाद्य आणल्याशिवाय पेटी घेऊन जायची नाही. समोर बसून वाजवायची. आणि वहिनी आतून येऊन ऐकणार. वहिनींनी मान हलवली तरच पेटी दाराबाहेर. तुमच्यापैकी कितीतरी जण या नियमावर चिडले आहेत. "काकू पोळ्या करून येईपर्यंत थांबायचं का?" हो, थांबायचं. हळूहळू वहिनी नुसत्या ऐकत राहिल्या नाहीत. भाऊंच्या डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं, तेव्हापासून बारीक सोल्डरिंग त्याच करायच्या. हे मात्र तुमच्यापैकी फार जणांना माहीत नसेल.

आता माझी लबाडी.

मी परत वाजवायला लागले तेव्हा तुम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला! या भवनात माझा सत्कार झाला. याच व्यासपीठावर. शाल, श्रीफळ. सूत्रसंचालक म्हणाले, "दुर्धर व्याधीवर जिद्दीने मात करून..." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं विनय आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं भारावले. मंडळी, माझ्या हाताला काहीही झालं नव्हतं. मनगट महिनाभरात बरं झालं होतं. मी कशावरही मात केली नव्हती. मी दोन वर्षं लोणची घातली होती.

भाऊ समोर बसले होते, तिसऱ्या रांगेत. कार्यक्रम संपल्यावर बाहेर भेटले. म्हणाले, "शाल मस्त आहे बाई. पण तुम्ही सांगितलं काहून नाही?"

मी म्हटलं, "तुमचं नाव खराब झालं असतं, भाऊ. गिऱ्हाईक तुटलं असतं." हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला ती शाल आवडली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला जिद्दी म्हणालं होतं.

ते म्हणाले, "माह्या नावाचं जाऊ द्या. तुमच्यावाणी अजून कोणी बाई गिटार कपाटावर ठेवून बसली असल, तं? तिले कोण सांगन का हात नाही गेला, पेटी पाहा म्हणून? सांगा बाई तुम्ही. तुमचं लोक ऐकतात."

पुढे आणखी दोनदा म्हणाले. एकदा रस्त्यात. एकदा गेल्या महिन्यात, मी तारा आणायला गेले होते तेव्हा. "सांगितलं का?" "सांगते भाऊ." "कधी?" "सांगते हो." मी मुलांना गृहपाठाबद्दल किती रागवायची आणि माझाच गृहपाठ राहून गेला.

आज केला. उशिरा केला, त्याची शिक्षा म्हणून ऐकायला ते नाहीत.

थांबा, एवढं एक सांगते आणि बसते. फ्रान्सिस सर इथे आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांना त्यांनी गिटार शिकवली. त्यांची पेटी भाऊंच्या टेबलावर होती. भाऊंचं शेवटचं काम. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्यात नवे कंडेन्सर लावले होते. वहिनींनी ऐकायचं राहिलं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, सर आले. मीही तिथेच होते. सर म्हणाले, "सुनंदाबाई, जशी आहे तशी द्या. भाऊंच्या हातची शेवटची आहे. आठवण म्हणून ठेवीन."

वहिनींनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आठवण पाहिजे तं फोटो देते, सर. पेटी वाजवासाठी असते. गिटार आणली का?"

सरांनी गिटार काढली. आमचे सर मोठे मोठे कॉर्ड धरून ठेका वाजवतात, तुम्हाला ठाऊक आहे. वाजवला. मला तर छान वाटलं. सरांनाही छान वाटलं. खरं सांगू, आम्हाला दोघांनाही छानच वाटायचं होतं. वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या. परत वाजवा म्हणाल्या. परत वाजवला. आणि त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

म्हणाल्या, "खालच्या तारा चिखलात फसून राहिल्या. जोरात वाजवलं की गिचका होते. सरांच्या ठेक्याले जरा मोठी टाकी लागते. यांनी सोळाचेच लावले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शोभाबाई, तुमच्या वेळी दुधानं तोंड पोळलं होतं ना, तवापासून ताकही फुंकून पीत होते. मोठा लावाची हिंमतच नव्हती होत त्यांची."

सर म्हणाले, "राहू द्या हो. त्यांचं शेवटचं काम आहे."

वहिनी एकदम रागावल्या. मी त्यांना एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "शेवटचं आहे म्हणून पास करू का? त्यांनी कधी माह्याकडून उगीच पास नाही करून घेतलं. उद्या ते उठून आले आणि विचारलं, सुनंदा, ऐकलं का तू? तं मी काय सांगू?"

आणि त्या बसल्या. दिनकरभाऊंच्या खुर्चीवर, भाऊंच्या टेबलाशी. रीतसर वीज उतरवली. सोळाचे काढले, बत्तीसचे लावले. सोल्डर जिथे लागायला हवं तिथेच लागलं. मग सरांना म्हणाल्या, "वाजवा." सरांनी वाजवला. खालच्या तारा मोकळ्या झाल्या, ठेका उभा राहिला. वहिनींनी डोळे उघडले आणि मान हलवली. हो म्हणून.

मंडळी, दिवसभरात दहा जणांनी मला हळूच विचारलं, "दुकानाचं आता काय?" वहिनींच्या संमतीने सांगते. दुकान सोमवारी उघडेल. वाद्य घेऊन या आणि पोळ्या होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मी शाळेतून निवृत्त झाले आहे, मला वेळच वेळ आहे. जड पेट्या उचलायला ह्यांना पाठवीन, पेपर वाचून झाल्यावर.

आणि इथे कोणी असं असेल, ज्यानं वाद्य कपाटावर ठेवून दिलं आहे, हात गेला म्हणून, कान गेला म्हणून, वय झालं म्हणून, तर मला माहीत आहे तुम्ही उठून सांगणार नाही. मीही सांगितलं नव्हतं. नका सांगू. फक्त घरी जाऊन ते खाली उतरवा आणि वहिनींसमोर एक सूर वाजवा. एकच. कदाचित खरंच हात गेला असेल. पण आधी पेटी पाहू.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. फोन बंद करा. वहिनी, तुम्ही बसूनच राहा.

दिनकरभाऊ, सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. आमचा नमस्कार घ्या.